तिसरा वाटा जोडीदाराचा

मंडळी, विहिरीत सूर मारून तळाला पडलेली कळशी वर काढणारा एखादा पटाईत गडी प्रत्येक गावात असतोच. त्याला एकदा विचारून पाहा, खाली जाताना काय काय होतं? तो सांगेल, "दोन पुरुष खाली गेलं की कान ठणकायला लागतात. भर वैशाखातसुद्धा तळाचं पाणी गार लागतं. आणि दम संपत आला की वरचा उजेडाचा गोल फार लांब दिसायला लागतो." पाण्याचा दाब, पाण्याचा गारठा आणि माणसाचा श्वास. या तीन गोष्टी ज्याला कळल्या, त्याला आजचा विषय निम्मा कळला असं समजा.

आज आपण बोलणार आहोत ते एका फार दूरच्या आणि फार गार पाण्याविषयी. त्या पाण्याच्या तळाशी शंभर वर्षांपूर्वी बुडालेली लढाऊ जहाजं पडून आहेत, आणि ती पाहायला देशोदेशींचे हौशी पाणबुडे तुकडी करून जातात. तुम्ही म्हणाल, आम्हाला तिथं कुठं जायचंय? खरं आहे. तुमच्यापैकी एखादाच जाईल, कदाचित कुणीच जाणार नाही. पण अशा तुकडीत जाणाऱ्याला हवेच्या वाटणीचा एक हिशेब पक्का यावा लागतो. तो हिशेब आपल्या विहिरीवरही कामाला येणारा आहे. तेवढ्यासाठी हा लांबचा प्रवास करू.

गुरुजींनी आणि बाईंनी वर्गातला जगाचा नकाशा पुढे घ्यावा. ब्रिटनच्या उत्तर भागात स्कॉटलंड आहे. स्कॉटलंडचं वरचं टोक संपलं की समुद्रात शिंतोडे उडाल्यासारखी बेटं दिसतात, ती ऑर्कनी बेटं. आपली मुंबई १९ अक्षांशावर, तर ही बेटं ५९ अक्षांशाच्या आसपास. या बेटांनी कुंपण घातल्यासारखा समुद्राचा एक मोठा तुकडा मधोमध अडकला आहे. त्याला स्कापा फ्लो म्हणतात. बाहेर अटलांटिक महासागर खवळलेला असला तरी आतलं पाणी त्यामानानं शांत. म्हणूनच दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश आरमाराचा तळ तिथं होता.

पहिल्या महायुद्धातली लढाई ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबली. शस्त्रसंधीच्या अटींप्रमाणे जर्मनीची ७४ लढाऊ जहाजं स्कापा फ्लोत आणून नांगरली गेली. पहारा ब्रिटिशांचा, पण जहाजांवर खलाशी जर्मनच. तिकडे तहाची बोलणी चालली होती आणि इकडे हे आरमार महिनोन्महिने गंजत उभं होतं. त्याचा प्रमुख होता अ‍ॅडमिरल लुडविग फॉन रॉयटर. आपली जहाजं आता शत्रूच्या हाती जाणार, असं त्याला दिसू लागलं. २१ जून १९१९ च्या सकाळी पहाऱ्यावरची मोठी ब्रिटिश जहाजं कवायतीसाठी बाहेर गेली, आणि रॉयटरनं ठरलेला इशारा दिला. खलाशांनी तळाकडच्या झडपा उघडल्या आणि समुद्र आत घेतला.

योगायोग पाहा. त्याच दिवशी जवळच्या स्ट्रोमनेस गावातली शाळेची मुलं सहलीला निघाली होती. 'फ्लाइंग केस्ट्रेल' नावाच्या बोटीतून त्यांना जर्मन आरमार दाखवायला नेलं होतं. मुलांच्या डोळ्यांदेखत एकेक जहाज कलू लागलं, उलटू लागलं आणि पाण्याखाली जाऊ लागलं. संध्याकाळपर्यंत ५२ जहाजं तळाला गेली. त्या गोंधळातल्या गोळीबारात ९ जर्मन माणसं मारली गेली. शाळेची सहल अनेक ठिकाणी जाते, पण अख्खं आरमार बुडताना पाहिलेली सहल ती एकच असेल.

पुढे १९२४ पासून अर्नेस्ट कॉक्स नावाच्या भंगाराच्या व्यापाऱ्यानं ही जहाजं वर काढायला सुरुवात केली. बुडालेलं जहाज उचलण्याचा त्याला आधीचा काहीच अनुभव नव्हता. पण उलट्या पडलेल्या जहाजाची भोकं बुजवून आत पंपानं हवा भरली, की तेच जहाज पालथ्या तांब्यासारखं वर येतं, ही युक्ती त्याला साधली. त्यानं आणि त्याच्यामागून आलेल्यांनी बहुतेक आरमार काढून विकलं. तळाशी सात मोठी जहाजं उरली. 'क्योनिग', 'क्रोनप्रिन्स विल्हेल्म' आणि 'मार्कग्राफ' ही तीन प्रचंड युद्धनौका आणि 'ब्रुमर', 'क्योल्न', 'ड्रेस्डेन' व 'कार्ल्सरूह' ही चार हलकी, वेगवान जहाजं. ती साधारण २५ ते ४५ मीटर खोलीवर आहेत. आपल्या मापानं सांगायचं तर १४ ते २५ पुरुष.

आता समजा, तुम्हाला ही जहाजं पाहायला जायचंच आहे. तर पहिली गोष्ट, पैसे मोजले आणि निघालो असं इथं चालत नाही. मालवण-तारकर्लीला आज पुष्कळ पर्यटक पाण्याखाली जातात. तिथं शिकवणारा माणूस तुमचा हात धरून असतो, पाणी कोमट असतं आणि खोली थोडी. ती बुडी मजेची आहे, पण ती बालवाडी समजा. स्कापा फ्लोच्या तुकडीत जायचं तर आधी नीट शिक्षण घ्यावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. तुम्ही कुठं, किती खोल, किती मिनिटं बुडी घेतली याची वही ठेवावी लागते, आणि ती वही बोटीवरचा कप्तान पाहू शकतो. प्रकृतीचं लेखी निवेदन द्यावं लागतं. हृदयाचा, फुफ्फुसाचा किंवा कानाचा विकार असेल तर डॉक्टरांची परवानगी लागते. तिथं विकार लपवणारा माणूस स्वतःपुरता खोटं बोलत नाही, तो जोडीदाराचाही जीव टांगणीला लावतो.

तुकडी म्हणजे साधारण दहा-बारा माणसं. स्ट्रोमनेसच्या धक्क्यावर जुन्या मासेमारी बोटी दुरुस्त करून पाणबुड्यांसाठी तयार केलेल्या असतात. पुष्कळ तुकड्या आठवडाभर बोटीवरच राहतात. दिवसाला दोन बुड्या, मध्ये गरम चहा-सूप आणि विश्रांती. कप्तान, म्हणजे आपल्या कोकणी भाषेत तांडेल, तो स्वतः पाण्यात उतरत नाही. वारा, लाटा आणि पाणबुड्यांचे बुडबुडे यांच्यावर नजर ठेवणं हे त्याचं काम. सकाळी तो सगळ्यांना जमवून जहाज कसं पडलं आहे, दोरी कुठं बांधली आहे, काय जपायचं, हे सांगतो. मग जोड्या लागतात. एकट्यानं उतरायचं नाही. कोण कोणाचा जोडीदार हे ठरल्याशिवाय कुणी पायात फिन्सही चढवत नाही.

आता गारठ्याचं बघू. स्कापा फ्लोचं पाणी हिवाळ्याअखेर ६-७ अंश सेल्सिअस असतं आणि उन्हाळा संपता संपता फार तर १३-१४ अंशांवर जातं. फ्रिजमधली पाण्याची बाटली हातात धरा, त्या पाण्यात गळ्यापर्यंत अर्धा-पाऊण तास राहायचं आहे अशी कल्पना करा. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब सुमारे पंचवीस पट वेगानं ओढून नेतं. अशा पाण्यात साध्या कपड्यांनिशी पडलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात धाप लागते, श्वास आवरत नाही, आणि तेव्हाच नाकातोंडात पाणी जातं. त्यातून वाचला तर दहाएक मिनिटांत बोटं ऐकेनाशी होतात. दोरी धरायची म्हटलं तरी मूठ मिटत नाही. सगळं शरीर गारठून बेशुद्धी यायला त्यानंतर बराच वेळ लागतो. म्हणजे माणूस गारठ्यानं मरतो असं आपण म्हणतो खरं, पण पुष्कळदा तो आधी घाबऱ्या श्वासानं आणि मग हात गेल्यानं बुडतो.

म्हणून तिथं कोरडा पोशाख घालतात. गळ्याला आणि मनगटाला घट्ट रबरी पट्टी, त्यामुळे पाणी आत येत नाही. आत लोकरीसारखे उबदार कपडे. पोशाखात थोडी हवा सोडायची कळ असते. ऊब खरी त्या कोंडलेल्या हवेची. दोन पातळ चादरी एका जाड चादरीपेक्षा जास्त ऊब देतात, तसंच हे. पण हा पोशाख घालता आला म्हणजे वापरता आला असं नव्हे. वर येताना आतली हवा फुगते. ती वेळेवर सोडली नाही तर माणूस फुग्यासारखा वर फेकला जातो. म्हणून थंड पाण्यात जाण्याआधी याच पोशाखात उथळ पाण्यात पुन्हा पुन्हा सराव करावा लागतो.

वर फेकलं जाण्यात वाईट काय, असं एखादा मुलगा विचारील. वर तर यायचंच असतं! याचं उत्तर दाबात आहे. जमिनीवर आपल्या अंगावर हवेचा एक वातावरण इतका दाब असतो. पाण्यात दर १० मीटरला तेवढाच दाब वाढत जातो. ४० मीटरवर तो पाचपट होतो. तेवढ्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन वायू रक्तात आणि मांसात विरघळून बसतो. तो तिथं आहे तोवर मोठी पीडा नाही. पण माणूस एकदम वर आला तर? गुरुजी, वर्गात गोटी सोड्याची बाटली आणा. गोटी दाबेपर्यंत पाणी निवळ दिसतं. गोटी आत गेली, दाब सुटला, की बुडबुडे फसफसून येतात. तीच गत रक्ताची. सांधे ठणकतात, माणूस वाकडा होतो, कधी पाय जातात, कधी प्राणही जातो. वाकलेल्या माणसांवरून इंग्रजीत या आजाराला 'बेंड्स' असं नाव पडलं.

यावरचा उपाय शोधायला एका घरगुती जनावराची मदत झाली, ती आपल्या ओळखीची शेळी. ब्रिटिश आरमारासाठी जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांना बंद लोखंडी कोठीत दाबाखाली ठेवलं आणि मग वेगवेगळ्या रीतीनं दाब उतरवला. दुखू लागलं की शेळी पुढचा पाय उचलून धरायची. शेळ्या पाळणाऱ्याला ती खूण सांगायला नको. त्यावरून दाब थांबत थांबत, टप्प्याटप्प्यानं उतरवावा, हे त्यांनी १९०८ साली प्रसिद्ध केलं. आज पाणबुडे मनगटावरच्या यंत्रात पाहून वर येतात, पण टप्प्यांची ती मूळ कल्पना हॉल्डेनचीच. हे प्रयोग चालू असताना १९०६ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर हॉल्डेनचा १३ वर्षांचा मुलगाही पाणबुड्याच्या पोशाखात खाली उतरला होता. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा, त्यात पाणी शिरलं आणि पोरगं गारठून वर आलं. हाच मुलगा पुढे जे. बी. एस. हॉल्डेन म्हणून नावाजलेला जीवशास्त्रज्ञ झाला, १९५७ साली आपल्या देशात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यानंही दाबाचे आणि गारठ्याचे प्रयोग स्वतःच्या अंगावर करून घेतले होते.

आता आपण हिशेबाकडे येऊ. गणिताच्या तासाला हे उदाहरण घालायला हरकत नाही.

हालचाल करणारा पाणबुड्या मिनिटाला साधारण २० लिटर हवा घेतो, असं धरा. ४० मीटरवर दाब पाचपट, म्हणून तेवढ्याच श्वासाला हवाही पाचपट लागते, म्हणजे मिनिटाला १०० लिटर. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० पट दाबानं हवा भरली तर ती २४०० लिटर होते. ती २४ मिनिटं पुरेल. म्हणून पाठीवर असे दोन सिलिंडर घेतात. ४८०० लिटर हवा, ४८ मिनिटं. आता एखादा म्हणेल, मग ४५ मिनिटं फिरू, तीन मिनिटांत वर येऊ. असं म्हणणाऱ्याला तुकडीत कुणी घेणार नाही.

या हवेचे आधी तीन वाटे करायचे. पहिला वाटा जाण्याचा, दुसरा वाटा परतण्याचा. आणि तिसरा? तिसरा वाटा तुमचा नाहीच. तो जोडीदाराचा. त्याच्यावर प्रसंग आला तर तुमच्या सिलिंडरमधून त्यानं श्वास घ्यायचा, आणि दोघांनी मिळून टप्प्याटप्प्यानं वर यायचं. त्यासाठी प्रत्येकाजवळ तोंडात धरायची एक जादा नळी असते. शेतातला दुसऱ्याचा वाटा आपल्या खळ्यावर पडलेला असला तरी आपण त्याला हात लावत नाही. तसाच हा हवेचा वाटा. तो तुमच्या पाठीवर आहे, पण तुमच्या मालकीचा नाही. पहिला वाटा संपला, काटा तिथं आला, की समोर काहीही असो, मागं फिरायचं.

जोडीदारावर प्रसंग कसा येतो? थंड पाण्यात त्याचं एक नेहमीचं कारण सांगतो. सायकलच्या ट्यूबची हवा भसकन सोडा आणि व्हॉल्व्हपाशी बोट लावून पाहा. हवा गार लागते. दाबलेली हवा सुटताना थंड होते. सिलिंडरमधली हवा तर फारच दाबलेली असते. बाहेरचं पाणी आधीच गार, त्यात ही सुटणारी हवा आणखी गार. मग श्वासाला हवा देणाऱ्या झडपेत बर्फ धरतो आणि झडप उघडीच अडकून बसते. हवा भसाभसा वाहू लागते, आणि भरलेला सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होतो. थंड पाण्यासाठी वेगळ्या बांधणीच्या झडपा वापरतात, दोन सिलिंडरला दोन स्वतंत्र झडपा ठेवतात. तरीही वेळ येते. ती वेळ येण्याआधी तुम्ही तिसरा वाटा खाऊन बसला असाल, तर जोडीदाराला द्यायला तुमच्याजवळ काय उरलं?

चला, आता पाण्यात उतरू. तुम्ही आणि तुमचा जोडीदार, दोघांनी एकमेकांच्या कळा, पट्टे, काटे तपासले. बोट 'क्योल्न'च्या जागी आली. पाण्यावर बोया तरंगतो आहे आणि त्याची दोरी खाली जहाजापर्यंत गेली आहे. तुम्ही उडी घेता. चेहऱ्याच्या उघड्या कातडीला पाणी सुईसारखं टोचतं. घटकाभर थांबून श्वास संथ होऊ द्यायचा, मग दोरी धरून खाली. उजेड हिरवा होतो, मग काळपट हिरवा. कानातला दाब गिळून सोडवायचा. आणि मग खालून एकदम एक भिंत वर येते. ती भिंत म्हणजे दीडशे मीटरहून लांब जहाज, उजव्या कुशीवर झोपलेलं. पत्र्यावर पांढरट मऊ प्रवाळ, समुद्री फुलासारखे प्राणी, काटेरी गोळे. शंभर वर्षांपूर्वी माणसांनी ज्या डेकवर कवायत केली ती डेक आता उभी भिंत आहे.

पाणी निवळ असलं तरी दहा-पंधरा मीटरपलीकडे फारसं दिसत नाही. म्हणून जहाज एकदम दिसत नाही, तुकड्या-तुकड्यानं दिसतं. तुम्ही पुढे सरकता. धूसर पाण्यात एक गोल, लांब आकार दिसू लागतो. तोफ असावी! एवढ्यासाठीच तर तुम्ही सात-साडेसात हजार किलोमीटर आलात, वर्षभर पैसे साठवलेत. अजून पाच हात. आणि तेवढ्यात जोडीदार दिव्याचा झोत तुमच्यासमोर हलवतो. तुम्ही वळून पाहता. त्यानं अंगठा वर केला आहे.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. जमिनीवर अंगठा वर केला तर आपण 'छान!' असं समजतो. पाण्याखाली 'ठीक आहे' म्हणायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात. नुसता वर केलेला अंगठा म्हणजे 'वर चला'. ही विनंती नसते. तिच्यावर वाद नसतो, 'जरा थांब' नसतं, 'का' सुद्धा नसतं. तुम्हीही अंगठा वर करायचा, म्हणजे कळलं, आणि वळायचं.

तुमचा काटा चांगला असेल. तुम्हाला थंडीही वाजत नसेल. पण त्याच्या मनगटाच्या पट्टीतून पाणी आत शिरलं असेल, बोटं बधिर झाली असतील, किंवा नुसती भीती वाटली असेल. भीती हेही कारण पुरेसं आहे, कारण घाबरलेला माणूस दुप्पट हवा ओढतो आणि हिशेब बिघडतो. ज्या दिवशी तुम्ही त्या पाच हातांसाठी त्याचा अंगठा पाहून न पाहिल्यासारखा केलात, त्या दिवशी तुमची परीक्षा, तुमची वही, तुमचा महागडा पोशाख सगळं वाया गेलं.

वर येणं सावकाश, मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा जलद नाही. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, नाहीतर फुगणारी हवा फुफ्फुस फाडते. यंत्र सांगेल तिथं थांबायचं, आणि पाच-सहा मीटरवर तर थांबायचंच. हे थांबणं फार कठीण असतं बरं का. वर बोट दिसते, चहा दिसतो, पण गारठलेल्या माणसाला तिथंच लोंबकळत राहावं लागतं. गारठ्यानं रक्तवाहिन्या आवळतात आणि विरघळलेला वायू बाहेर पडायला जास्त वेळ घेतो. म्हणून खाली असताना उबेत आणि वर येताना गारठलेला, हा सगळ्यांत वाईट प्रकार. जोडीदार दात वाजवत थांबलेला असतो तेव्हा तुम्ही त्याच्या समोर राहायचं, डोळ्याला डोळा लावून. तिसऱ्या वाट्यात नुसती हवा येत नाही, हेही येतं.

बोटीवर आलात की कप्तान दोघांची नावं यादीत खुणावतो. कुणीतरी गरम पेला हातात देतं. तोफ पाहिली का, असं विचारतील. 'नाही, परत फिरलो,' एवढं सांगायचं. चांगल्या तुकडीत पुढचा प्रश्न येत नाही. बुडी केव्हाही, कोणत्याही कारणानं मोडण्याचा हक्क प्रत्येकाला असतो, आणि त्यासाठी कुणी कुणाला भित्रा म्हणत नाही. तोफ शंभर वर्षं तिथं आहे, उद्याही असेल.

जहाजाच्या पोटात शिरण्याचा मोह मात्र टाळावा. जुन्या काळी धातू काढण्यासाठी काही ठिकाणी सुरुंग लावले होते, आणि गंजानं पत्रे पोखरले आहेत. छप्पर कधी बसेल सांगता येत नाही. शिवाय २००१ साली या सातही जहाजांना संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. पाहावं, पण एक खिळाही उचलू नये. आपल्या गडकोटांवरचा दगड घरी नेऊ नये, तसंच.

आणि काही जहाजांवर तर जायचंच नाही. त्याच स्कापा फ्लोत ब्रिटिशांची 'रॉयल ओक' ही युद्धनौका १४ ऑक्टोबर १९३९ रोजी जर्मन पाणबुडीनं बुडवली. आठशेहून अधिक खलाशी गेले. ती आज समाधी मानली जाते. हौशी पाणबुड्यांना तिथं मनाई आहे. दरवर्षी आरमाराचे पाणबुडे तिच्यावर नवा ध्वज लावतात, एवढंच. आपल्याला हे समजायला लांब जायला नको. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत ती अमावस्या अजून विसरलेली नाही. माणसं जिथं बुडाली ते पाणी पाहण्याची जागा नसते, हात जोडण्याची असते.

मंडळी, शेवटी आपण पुन्हा आपल्या विहिरीवर येऊ. उन्हाळ्यात गाळ काढायला, पंप दुरुस्त करायला माणूस एकटाच खाली उतरतो. जुन्या, बंद विहिरीत विषारी किंवा प्राणवायू नसलेली हवा साचलेली असते. ती दिसत नाही आणि पुष्कळदा तिला वासही नसतो. तो खाली कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग तिसरा उतरतो, आणि एका घरातली तीन माणसं जातात. अशा बातम्या आपण वाचतो आणि हळहळतो. हळहळण्याआधी हिशेब करावा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा. दोर धरायला वर माणसं असावीत. त्यांची नजर खालच्या माणसावरून हलू नये, आणि त्यानं खूण करताच दुसरा प्रश्न न विचारता त्याला वर ओढावं. तो बेशुद्ध पडला तर मागोमाग कुणी उडी घेऊ नये. दोरानं ओढावं आणि अग्निशामक दलाला बोलवावं. आणि उतरणाऱ्यानं आज नको म्हटलं, तर काम उद्या करावं.

गुरुजी आणि बाई, मुलं पोहायला निघाली की त्यांच्या जोड्या लावा. जोडीदार कुठं आहे हे प्रत्येकाला केव्हाही सांगता आलं पाहिजे, आणि एकानं बाहेर येऊ या म्हटलं की दोघांनी बाहेर यायचं. ही सवय लहानपणी लागली तर मोठेपणी ती वेगळी शिकवावी लागत नाही.